वरच्या कुणग्यातलं देवभात

कसालच्या बाजारातून आत वळलं की तीन-चार किलोमीटरवर मळेवाडी लागते. तिथे कुणालाही विचारा, बेणणीला सगळ्यात चांगला हात कुणाचा? शेंबडं पोरही सांगेल, नर्मदेचा. आणि सगळ्यात वाईट तोंड कुणाचं? उत्तर तेच. फक्त सांगणारा आधी मागे वळून बघेल, बया ऐकत तर नाही ना.

बेणणी म्हणजे लावलेल्या भातातलं तण हाताने उपटणं. श्रावणात भात गुडघ्याला आलं की कमरेत वाकायचं आणि दिवस मावळेपर्यंत सरळ व्हायचं नाही. चौसष्टाव्या वर्षीही नर्मदा एकदा वाकली की तिशीतल्या बाया तिच्या मागे पडायच्या. उपटलेल्या तणाची जुडी ती न बघता मागे फेकायची, आणि जुडी बरोबर मेरेवर, शेताच्या बांधावरच पडायची. हाताबरोबर तोंडही चालू. नवरा शिवा मेरेवरून जाताना दिसला की म्हणायची, "खंय चाललात? बसाक? बसा, बसा! तुमच्या बापाशीन सोपो तुमच्यासाठीच बांधल्यान हा!" शिवा गरीब माणूस. तो हसायचा आणि खरंच बसायला जायचा.

तिची भांडणं वाडीत सगळ्यांशी होती, पण वैर दोघांशीच. एक देवभात आणि दुसरी तिची थोरली जाऊ, हौसाबाई.

देवभात म्हणजे रानटी भात. त्याला कुणी पेरत नाही, कुणी लावत नाही. लावलेल्या भाताच्या मांडीला मांडी लावून मेलं बसतं, त्याचं खत खातं, त्याच्यासारखंच हिरवं दिसतं, आणि शेतकरी विळा घेऊन येण्याआधी आपला सगळा दाणा चिखलात झाडून मोकळं होतं. तो दाणा मातीत वर्षानुवर्षं निजून राहतो. मारायला औषध नाही, कारण जे औषध त्याला मारील ते भातालाही मारील. आणि वर नाव काय, तर देवभात! कारण ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. त्या दिवशी न नांगरता, न पेरता आलेलं हेच भात चालतं. वर्षातला एक दिवस ते देवाचं. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस ते नर्मदेचं दुश्मन.

हे वैर तिच्या लग्नापासूनचं. नर्मदा मूळची देवबागची. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, मध्ये वाळू आणि माड. भात तिने ताटातच बघितला होता. एकोणीस वर्षांची असताना ती ह्या घरात आली, आणि पहिल्याच श्रावणात सासूने, तुळसामायने, तिला बेणणीच्या ओळीत उभी केली. "वेगळां दिसात तां उपट," एवढंच सांगितलं आणि म्हातारी पुढे गेली. नर्मदा मान खाली घालून दुपारपर्यंत उपटत राहिली. मग एकदम हौसाबाईची आरोळी आली.

"आगो बायांनो, हकडे येवा! ह्या देवबागच्या बायेन भात उपटल्यान नि तण राखल्यान!"

सगळी ओळ येऊन बघून गेली. बाया पोट धरधरून हसल्या. एकीने देवभाताची काडी तिच्या अंबाड्यात खोचली आणि ती काडी घेऊनच नर्मदा घरी आली, कारण तिला ठाऊकच नव्हतं. हौसाबाई तेव्हा चोवीस वर्षांची. आपण काय बोललो हे ती आठवड्यात विसरलीही असेल. नर्मदा विसरली नाही. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच एकटी शेतात जाऊन दोन्ही रोपं मांडीवर घेऊन बसली. देवभाताचं बूड लालसर, भाताचं हिरवं. पान कांडाला मिळतं तिथे एक पातळ जीभ असते. देवभाताची लांब, भाताची आखूड. हे तिला कुणी शिकवलं नाही. तिने रागाने शिकून घेतलं. दोन वर्षांत ती ओळीत पहिली आली आणि मग त्रेचाळीस वर्षं पहिलीच राहिली. डोळे मिटून नुसत्या बोटांनी बूड चाचपून सांगायची, हे भात, हे तण. एकदा पैजेवर तिने तसं करूनही दाखवलं होतं.

त्या घरात एक जुनं लाल भात होतं. त्याला नाव नव्हतं. तुळसामाय असेपर्यंत 'आमचां भात' म्हणत, ती गेल्यावर 'म्हातारीचां भात' म्हणू लागले. उंच वाढायचं, दाण्याला कुसळ नाही, आणि पेज अशी की तापातून उठलेला माणूस दुसरी वाटी मागायचा. वाडीत कुणी बाळंत झाली की ह्याच घरातून शेरभर तांदूळ जायचे. दुकानात हे मिळत नाही, सरकारी बियाण्याच्या डेपोत मिळत नाही, दुसऱ्या कुणाच्या घरातही नाही. आणि आमच्या ह्या दमट हवेत भाताचं बी फार दिवस जगत नाही. दरवर्षी पेरायचं आणि दरवर्षी पेंढ्याच्या बिवळ्यात बांधून आढ्याला टांगायचं. दोन वर्षं हयगय झाली की संपलं.

तुळसामाय गेली आणि दोघा भावांची वाटणी झाली. वरचे तीन कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, थोरल्या भाईंना, हौसाबाईच्या नवऱ्याला; खालचे शिवाला. बियाण्याचा बिवळाही सोडला, अर्धा अर्धा केला. पुढे भाईही गेले. हौसाबाई वरच्या घरात एकटी उरली. पोटी मूलबाळ नव्हतं. ती मजूर लावून डेपोतलं ठेंगणं भात करू लागली, आणि आपल्या वाट्याचं म्हातारीचं भात तिने पहिल्याच वर्षी घालवलं, असं नर्मदा गावभर सांगायची. बघितलं होतं का? नाही. पण हौसाबाईच्या हातून दुसरं होणार तरी काय, असा तिचा हिशोब.

नर्मदेला दिसायचा तो वरच्यातला फक्त खालचा कुणगा, तिच्या मेरेला लागून असलेला. तिथे हौसाबाईने देवभात राखलं होतं! चांगलं माजू दिलं होतं. आश्विनात चार गावच्या बायका यायच्या, पदर पसरून ओंब्या झाडून न्यायच्या, पुढच्या ऋषिपंचमीसाठी ठेवायच्या. हौसाबाईला नारळ द्यायच्या, पायाही पडायच्या. आणि पाण्याबरोबर वाहून येणारा दाणा कुणाच्या शेतात? नर्मदेच्या!

अकरा वर्षांपूर्वी ती मेरेवर उभी राहून ओरडली होती, "वयनी, ह्यां सगळां उपटा! माझो कुणगो नासता हा!"

हौसाबाई शांतपणे म्हणाली, "देवाचां आसा तां. त्येका हात लावचा नाय."

"देवाचां? तुमका भात करूक जमणा नाय म्हणान देव पुढे करतास?"

"तुका जमता ना? मग तुझ्यात इला तर उपट. हात मोठो आसा ना तुझो."

ह्यावर नर्मदा जे बोलली ते बोलायला नको होतं. तिच्या जिभेला हाड नव्हतंच, पण त्या दिवशी लाजही उरली नाही. ती म्हणाली, "बरोबर आसा. पोटात पोर रुजला नाय, ती कुणग्यात भात काय रुजवतली!"

हौसाबाई वळली आणि घरात गेली. तेव्हापासून अकरा वर्षं दोघींत शब्द नाही. सांगायचं असेल ते नर्मदा आपल्या काळू कुत्र्याला मोठ्याने सांगायची: "काळू, पाणी सोडलां हा रे कोणीतरी, आपली मेर फुटतली!" आणि वरून हौसाबाई आपल्या म्हशीला सांगायची, "फुटांदे!" शिवा बिचारा मधल्या पायवाटेवरून दोन्ही घरी जायचा. चतुर्थीचा गणपती मूळ घरात, म्हणजे नर्मदेकडे. हौसाबाई त्या दिवसांत कुणकेश्वरला भावाकडे निघून जायची.

गेल्या तीन वर्षांत नर्मदेच्या भाताला काहीतरी झालं होतं. बेणणी तशीच, खत तसंच, पण मळताना सूप हलकं लागायचं. दाण्यात अधूनमधून कुसळ दिसायचं. गेल्या वर्षी तर कापणीआधीच ओंब्यांतून दाणा गळला. पेजेचा रंग तोच, पण ती पहिली चव नव्हती. शिवाने एकदा तसं म्हटलं आणि चार दिवस बोलणी खाल्ली. नर्मदेला मात्र आतून भीती वाटत होती. हे असंच चाललं तर म्हातारीचं भात आपल्या हातातून जाणार. सासूने आयुष्यभर राखलेलं, आपण पंचेचाळीस वर्षं राखलेलं. आपल्यानंतर कुणाकडे नाही.

कृषी खात्याची संचिता म्हणून एक मुलगी स्कूटीवरून यायची. पेडण्यापलीकडे, गोव्यात शिकलेली, बोलणं अगदी शुद्ध. तिने शेत बघितलं, ओंबी हातात चोळली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही दरवर्षी वेगळं दिसणारं देवभात उपटता. बरोबर?"

"मग काय भात उपटू?"

"तसं नाही. जे वेगळं दिसतं ते तुम्ही काढलंत. जे भातासारखं दिसलं ते वाचलं, त्याचा दाणा पडला, पुढच्या वर्षी तेच उगवलं. अशी चाळीस वर्षं. आता तुमच्या शेतात भातासारखं दिसणारं देवभात तयार झालं असेल. ते बुडावरून ओळखू येणार नाही. आणि त्याचा संकर तुमच्या भातात शिरला की बीच बदलतं. कुठूनतरी शुद्ध बी आणून पुन्हा सुरुवात करायला हवी."

नर्मदेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे देवभात मी वाढवलं? माझ्या हाताने?

"काल जन्माक इलंस नि माका शिकवतंस?" ती ओरडली. "ह्यां सगळां वरसून येता! त्या वरच्या बायेकडसून! तिका जावन शिकव! आणि शुद्ध बी आणतलंय खंयसून? सगळ्या कोकणात माझ्याकडेच आसा तां!"

संचिता स्कूटीवर बसली. जाताना एवढंच म्हणाली, "वरच्या काकूंना एकदा विचारून तर बघा." नर्मदेने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिच्या मनाने घेतलं होतं: वरचं देवभात मुळासकट गेलं पाहिजे, तरच माझं भात जगेल.

ह्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी हौसाबाई पिशवी घेऊन कुणकेश्वरच्या गाडीत बसली. नर्मदेने ते माजघरातून बघितलं. गणपती बसला, आरत्या झाल्या, आणि ऋषिपंचमीच्या सकाळी, अंगात उपास असताना, ती कास्टा घालून वरच्या शेतात शिरली. दिवस बघा कुठला निवडला! ज्या दिवशी अख्खा मुलूख देवभात शिजवून खातो, त्याच दिवशी ही बाई ते उपटायला निघाली. अकरा वर्षांनी तिचा पाय त्या मेरेवर पडला होता.

खालच्या कुणग्यात शंका नव्हतीच. लालबुंद बुडं, लांब जिभा, छातीला लागेल एवढं माजलेलं. तिने ते मुठी मुठींनी उपटलं. शिव्या चालूच. दुपारपर्यंत कुणगा उघडा पडला, नुसतं गढूळ पाणी. नर्मदेला इतकं बरं वाटलं की ती उपाशीपोटी एकटीच हसली.

मधल्या कुणग्यात डेपोचं ठेंगणं भात होतं. त्याला तिने हात लावला नाही. ती चोर नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यात वरच्या कुणग्यात गेली. हा कुणगा बांबूच्या बेटाआड, खालून दिसत नाही. आणि तिथे काय? तिथेही उंच! कमरेच्या वर आलेलं, दाट, हिरवंगार. नर्मदेचा संताप अनावर झाला. "हकडेय राखल्यान हा? सगळ्या गावाक पुरवची आसा काय?" ती वाकली, पहिली मूठ धरली आणि तिची बोटं थांबली. बूड हिरवं होतं. जीभ आखूड होती.

बोटं सांगत होती, हे भात आहे. पण डोकं म्हणालं, कसलं भात? डेपोचं भात एवढं उंच होत नाही. म्हातारीचं भात हिने कधीच घालवलं. मग उंच ते काय? देवभातच! ती मुलगी म्हणालीच होती ना, हल्लीचं देवभात बुडावरून ओळखू येत नाही? संचिताचं तेवढंच बोलणं नर्मदेला सोयीचं वाटलं, आणि तेवढंच तिने खरं मानलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने आपल्या बोटांचं ऐकलं नाही.

तिने दिवसभर उपटलं. कंबर मोडली तरी उपटलं. पोटरीला आलेलं, पोटात ओंबी धरलेलं ते भात जुड्या जुड्यांनी मेरेवर पडत राहिलं. विहिरीच्या बाजूला, कुंभ्याच्या झाडाखाली, एक हातभर पट्टी तेवढी उरली, तेव्हा खालून शिवाची हाक आली, "गो, आरतीक येतंस मा?" नर्मदेने पट्टीकडे बघितलं, पाठीवर हात ठेवला आणि ती खाली आली. सावलीतलं आहे, आपसूक मरेल, असं म्हणाली.

सातव्या दिवशी हौसाबाई परत आली. नर्मदा तयारीत होती. हौसाबाई येईल, शिव्या घालील, मग आपणही अकरा वर्षांचं सगळं ओकून टाकू, असं तिने मनात मांडूनही ठेवलं होतं. पण वरून आवाज आला नाही. शिवा जाऊन आला तो गप्प. "काय म्हणता ती?" नर्मदेने विचारलं. "काय नाय. मेरेर बसली हा," तो म्हणाला. संध्याकाळी म्हशीलाही तिने काही सांगितलं नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. नर्मदेला चैन पडेना. भांडायला आलेली जाऊ तिला चालली असती. ही गप्प बसलेली जाऊ तिला सहन होईना. ती काळूवर उगाच खेकसायची, आणि वर बघायचं टाळायची.

आश्विनातली पुनव आली. आमच्याकडे त्या दिवशी नवं बांधतात. शेतातल्या नव्या ओंब्या आणायच्या, आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला लावायच्या. नर्मदा सकाळी आंघोळ करून विळा घेऊन आपल्या कुणग्यात उतरली. ह्या वर्षी वरून एक दाणा आलेला नव्हता. आपण स्वतः तीनदा बेणलेलं शेत. तिने पहिली ओंबी हाताशी ओढली.

अर्धा दाणा तळहातावर गळून पडला. प्रत्येक दाण्याला बोटभर लाल कुसळ.

तिने दुसरी ओंबी धरली, तिसरी धरली. कुणग्याच्या मध्यापर्यंत गेली. सगळीकडे तेच. एकीकडे हात लावला की दुसरीकडे टपटप पाण्यात पडत होतं. इथे वरून काहीच आलं नव्हतं. हे इथलंच होतं, हिरव्या बुडाचं, आखूड जिभेचं, तिच्याच बोटांनी दरवर्षी भात म्हणून सोडलेलं. म्हातारीच्या भाताची ओंबी शोधत ती तासभर फिरली. खात्रीची अशी एकही सापडली नाही. ती पोर खरं बोलत होती, हे तिला तेव्हा कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

ती घराकडे निघाली आणि मान वर झाली. वरच्या घराच्या दाराला नवं बांधलेलं दिसत होतं. तांबूस, भरगच्च, वजनाने वाकलेल्या ओंब्या. कुसळ नव्हतं. इतक्या लांबून दिसलं नसेल म्हणाल, तर नर्मदेला दिसलं. पंचेचाळीस वर्षं जे दाराला बांधलं ते ती ओळखणार नाही?

मग तिला वरच्या कुणग्यातली ती हिरवी बुडं आठवली. ती मेरेवरच बसली, चिखलात.

बऱ्याच वेळाने ती उठली आणि पायवाट चढून वरच्या अंगणात गेली. हौसाबाई पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा तेल चोळू लागली.

"वयनी," नर्मदा म्हणाली. अकरा वर्षांनी तो शब्द तोंडातून येताना घोगरा आला. "तां... म्हातारीचां भात?"

"आता विचारतंस?" हौसाबाई म्हणाली. "उपटताना इचारूचा हुता."

"तुम्ही राखलास? सगळी वर्षां?"

"सासूबायन मराच्या आधी सांगल्यान हुता. नर्मदेचो हात चांगलो आसा, पण कुणगो खाली आसा. पाणी वरसून खाली जाता, खालसून वर येणा नाय. म्हणान थोडां सगळ्यात वर राख, तिचां नासला तर तिकाच दिवक होईत." हौसाबाईने तेलाची वाटी बाजूला ठेवली. "तुझ्यासाठी राखलंय मी तां. तू माका तसां बोललंस, त्येच्यानंतरय राखलंय. सासूक शब्द दिल्लंय म्हणान. तुझ्या प्रेमान नाय."

जिचं तोंड गावाला पुरून उरायचं ती नर्मदा पदर तोंडात धरून उभी राहिली, आणि मग रडली. मोठ्याने, लाज न धरता. हौसाबाईने तिला बस म्हटलं नाही.

"किती उरला?" नर्मदेने शेवटी विचारलं.

"कुंभ्याखालचां. तुझी आरती आड इली म्हणान, शिवान सांगल्यान. ह्या दारारच्या सोडून ओंजळभर बी होईत."

"माका दिया. थोडां दिया. मी डोळ्यांत तेल घालून..."

"नाय." हौसाबाईचा आवाज चढला नाही. "पेरतलंय मी, लावतलंय मी, बेणतलंय मी. तू येवन मेरेर बसाचां. जो तो वर येवन बघीत, बसलली दिसाक होयी. हात मांडयेर. भाताक हात लावचो नाय. वरीसभर तसां बसलंस, तर फुडच्या वरसा अर्धां तुझां. आणि एक आयक. मी बी दितंय म्हणान तू बोललंस तां विसारलंय असां समजा नको. तां माझ्या सरणापर्यंत माझ्याबरोबर येतला."

नर्मदेने मान डोलावली. दुसरं करण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

पुढच्या श्रावणात मळेवाडीने ते बघितलं. सगळ्यात वरच्या कुणग्याच्या कोपऱ्यात, चटईएवढ्या तुकड्यात, म्हातारीचं भात उभं होतं. सत्तर वर्षांची हौसाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी त्यात वाकलेली, एकेक काडी निरखत, गोगलगायीसारखी सरकत. आणि मेरेवर नर्मदा. दोन्ही हात मांडीवर. बायका मुद्दाम बेटाआडच्या वाटेने जायच्या आणि हळू चालायच्या. एकीने विचारलंही, "काय गो, आज हात दुखतत?" नर्मदेची बोटं लुगड्याच्या निऱ्या चिवडत राहायची.

एका दुपारी हौसाबाईने एक काडी बघितली आणि ती सोडून पुढे गेली. नर्मदेला ती काडी खटकली. बूड जरा लालसर वाटलं. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय?" हौसाबाईने मागे न बघता विचारलं.

"काय नाय."

हौसाबाई वळली. ती काडी तिने मुळाच्या मातीसकट अलगद काढली आणि मेरेवर, नर्मदेच्या डोळ्यांसमोर धरली. "सांग. भात काय तण?"

नर्मदेने बूड बघितलं. जीभ बघितली. पान उजेडात धरायला सांगितलं, पुन्हा बूड बघितलं. आधी लाल वाटलेलं आता हिरवं वाटू लागलं, मग पुन्हा लाल. हौसाबाई हात पुढे धरून तशीच उभी होती.

"माका कळणा नाय," नर्मदा म्हणाली. हे वाक्य तिने त्या शेतात कधीच उच्चारलं नव्हतं.

हौसाबाईने ती काडी होती तिथेच परत चिखलात रोवली आणि बोटांनी माती दाबली.

"माकाय कळणा नाय," ती म्हणाली. "म्हणान मी उपटणंय नाय. ओंबी येयत तेव्हा बघतलंव. हात मांडयेर ठेव."

नर्मदेने हात मांडीवर ठेवले.